प्राणाची वारी

छांदोग्य उपनिषदात इंद्रियांच्या भांडणाची कथा आहे. श्रेष्ठ कोण, हा वाद. वाचा, चक्षु, श्रोत्र आणि मन एकेक करून वर्षभर देह सोडून गेली. मुका, आंधळा, बहिरा होऊन का होईना, देह चालला. पण प्राण निघू लागताच सगळ्यांची पाळेमुळे उपटू लागली आणि ती हात जोडून उभी राहिली. करोनाच्या दिवसांत ही कथा आपण घरोघर पाहिली.

आमच्या दिंडीतले विणेकरीबुवा, वय सत्तरीजवळ. 2021 च्या वैशाखात दोन दिवस ताप आला. ओसरीवर बसून गप्पा मारीत होते, चहा मागत होते. मुलाने बोटाला ऑक्सिमीटर लावले तो आकडा 84! निरोगी माणसाचा तो 95 ते 100 असतो. धाप नाही, तक्रार नाही, आणि रक्तातला प्राणवायू उतरलेला. या रोगाचे कपट ते हेच. (गार बोटावर हे यंत्र फसवते, हात चोळून, जरा स्वस्थ बसून मग लावावे.)

आपल्या फुफ्फुसात इवल्या इवल्या हवेच्या कोट्यवधी पिशव्या आहेत. त्यांची भिंत इतकी पातळ, की आतला प्राणवायू पलीकडच्या रक्तात सहज जावा. ती सुजली, पिशवीत पाणी भरले, की वाट अडली. सूज उतरायला कुणाला काही आठवडे लागले, कुणाला कित्येक महिने. काहींच्या फुफ्फुसात व्रण कायमचा राहिला.

बुवा दवाखान्यातून घरी आले तेव्हा बसल्या जागी आकडा 96, पण न्हाणीपर्यंत जाऊन आले की 89. बसलेल्या माणसाचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. म्हणून तर डॉक्टर रुग्णाला सहा मिनिटे सपाटीवर चालवून पुन्हा पाहात. तीन-चार अंशांनी उतरला तर आत अजून बिघाड आहे असे समजत. बुवांनी अंगणात फेऱ्या धरल्या. आज पाच, आठवड्याने सात. आपल्या माळकऱ्याला यात एक सोपे माप आहे. चालता चालता अभंगाचा चरण म्हणता आला पाहिजे. मध्येच तुटला तर पाऊल फार झाले, थांबावे. छातीत दुखले किंवा भोवळ आली तर फेऱ्या बंद करून डॉक्टरांकडेच जावे. तिथे अंगारा नको.

2022 साली पायी वारी पुन्हा निघाली. बुवा म्हणाले, "पायीच येणार, माउली नेईल." पण दिवे घाटात चौथ्या वळणाआधीच चरण तुटू लागला. पोरांनी त्यांना सामानाच्या ट्रकात बसवले. मागून कुणी बोलले, वारी मोडली म्हणून! अहो, 2020 आणि 2021 या दोन्ही वर्षी खुद्द माउलींच्या पादुका एस.टी.त बसून पंढरीला गेल्या. तेव्हा मोडली का वारी? मग व्रण पडलेल्या फुफ्फुसाला घाट चढून दाखव म्हणणारे आपण कोण?

घाट सरला, सपाटी आली, तसे बुवा खाली उतरले. रिंगणात धावायचे त्यांनी अजूनही मनावर घेतलेले नाही. पण सासवडच्या मुक्कामी विणा त्यांच्याच गळ्यात होता.