नकाराला जागा

पुतणी : काका, हॅरी वॅटीनं युद्धावर जायला नको होतं. १९१४ मध्ये एडिंबराच्या ‘हार्ट्स’ या फुटबॉल संघानं सलग आठ सामने जिंकून मोसम सुरू केला होता. वॅटी त्यांच्या आघाडीच्या फळीतला. नोव्हेंबरात तो आणि त्याचे सहकारी सर जॉर्ज मॅक्रे यांच्या पलटणीत दाखल झाले. १ जुलै १९१६ ला, सॉमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, वॅटी आणि त्याचे संघातले सहकारी एलिस आणि करी, तिघंही मारले गेले.

काका : त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे १९ हजारांहून अधिक जवान मेले. त्यांत खाणकामगार होते, कारकून होते. चांगला खेळतो म्हणून वॅटीला सूट द्यायची, तर त्याच्या जागी कुणाचा मुलगा पाठवायचा?

पुतणी : सूट नकोच. पण पहिला तगादा त्यालाच का? सक्तीच्या भरतीचा कायदा १९१६ मध्ये आला. त्याआधीच वर्तमानपत्रांतून फुटबॉलपटूंच्या मर्दुमकीवर शंका घेतली जात होती.

काका : तो हजारोंच्या डोळ्यांसमोर होता म्हणून. तरीही, तो केवळ लाजेपायी गेला असं म्हणालीस तर त्याचं धैर्य हिरावून घेशील. त्या हिवाळ्यात ही पोरं लष्करी कवायती करून सामने खेळत होती. अखेर लीगचं विजेतेपद सेल्टिक संघाकडे गेलं, चार गुणांच्या फरकानं. आपण काय गमावतोय, हे त्यांना कळत होतं.

पुतणी : धैर्य त्यांचंच, मान्य. पण ‘नाही’ म्हटल्यावर गावात तोंड दाखवता येणार नसेल, तर त्या ‘हो’ला मोकळी संमती कसं म्हणायचं?

काका : देश संकटात असताना हाक द्यावीच लागते गं.

पुतणी : द्यावी ना! पण हाक ऐकूनही नकार देता आला पाहिजे. हिणवणारे तेवढीही मोकळीक ठेवत नाहीत, आणि पुष्कळदा ते स्वतः मात्र घरीच बसतात.

काका : हे पटलं. म्हणजे प्रतिभेपोटी सवलत नको, तशी प्रसिद्धीपोटी जबरदस्तीही नको. एडिंबरातल्या हेमार्केटला १९२२ मध्ये हार्ट्सचं स्मारक उभं राहिलं. तिथं डोकं जरूर टेकवावं. पण पुढच्या युद्धात विशीतल्या एखाद्या पोराला भित्रा म्हणायची वेळ आली, तर आपण स्वतः काय पणाला लावलंय, ते आधी सांगावं. सांगण्यासारखं काही नसेल, तर त्याला दूषण देण्याचा हक्क आपल्याला नाही.