दहा मिनिटांची कोथिंबीर



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय तिसरा, श्लोक १० ते १६.

या सात श्लोकांत एक चक्र आहे. प्राणी अन्नावर जगतात, अन्न पावसाने पिकतं, पाऊस यज्ञाने पडतो आणि यज्ञ कर्मातून घडतो. मधेच भगवंत दोन कडक गोष्टी सांगतात. मिळालेल्यातलं काही परत न देता जो नुसता भोगतो, तो चोर. आणि जो फक्त स्वतःसाठी शिजवतो, तो पापच खातो. हे श्लोक मी कॉलेजपासून वाचतोय, पण 'चोर' हा शब्द मला कधी लागला नव्हता. मागच्या आठवड्यात लागला.

बुधवारची रात्र. मरोळमध्ये धो धो पाऊस. आमटी उकळत होती आणि कोथिंबीर संपलेली. मी अ‍ॅप उघडलं. एका जुडीसाठी डिलिव्हरी चार्ज पडत होता, म्हणून तो वाचवायला चिप्स आणि चॉकलेट घेतलं. पंचवीस-तीस रुपये वाचवायला दीडशे खर्च केले! बेल वाजली. दारात एक मुलगा, रेनकोटमधून पाणी गळतंय. मी ऑफिसच्या कॉलवर, कानात हेडफोन. पिशवी घेतली, दार लावलं.

आई म्हणाली, "त्याला पाणी तरी विचारलंस का रे?"

"आई, त्यांना वेळ नसतो."

"त्याला नव्हता, की तुला नव्हता?"

जेवायला बसलो, रोजच्यासारखे हात जोडून श्लोक म्हटला. त्या मुलाचा चेहरा आठवून पाहिला. आठवेना.

तर सरळ प्रश्न विचारू. घरपोच किराणा मागवणं चूक आहे का? मला तसं वाटत नाही. मुंबईला ते नवीनही नाही. माझ्या लहानपणी वाण्याला फोन केला की दुकानातला मुलगा तांदळाची गोणी खांद्यावर घेऊन जिने चढायचा. त्याला ना विमा होता, ना सुट्टी. त्यामुळे जुनं ते सगळं पवित्र, असं म्हणण्यात अर्थ नाही. शिवाय माझ्या आईचे गुडघे दुखतात. आजारी माणूस, एकटे आजी-आजोबा, तान्हं बाळ असलेलं घर, यांच्यासाठी ही सेवा खरंच आधार आहे. आणि उद्या मी अ‍ॅप काढून टाकलं, तर त्या मुलाची कमाईच कमी होईल. त्याने त्याचं काय भलं झालं?

पण एक फरक आहे. वाण्याकडचा मुलगा 'संध्याकाळपर्यंत' यायचा, आणि आम्ही त्याला नावाने हाक मारायचो.

दहा मिनिटांचं गणित मला इंजिनिअर म्हणून कळतं. दोन-तीन किलोमीटरच्या आत गोदाम, मालाची नीट मांडणी, काही मिनिटांत पॅकिंग. बराचसा वेग या व्यवस्थेचाच असतो. पण शेवटच्या टप्प्यात, मरोळ-मरोशी रोडच्या ट्रॅफिकमधून, साचलेल्या पाण्यातून, वॉचमनच्या रजिस्टरपासून लिफ्टपर्यंत, कोड जात नाही, माणूस जातो. आमच्या कामात एक गोष्ट लवकर शिकायला मिळते: थांबण्याचा वेळ पुष्कळदा नाहीसा होत नाही, तो दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला जातो. माझी घाई त्या रात्री त्याच्या वाट्याला गेली.

याची दखल आता कायद्यानेही घेतली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात अशा कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम या कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी, अशी तरतूद आहे. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय श्रममंत्र्यांनी कंपन्यांशी बोलणी केल्यानंतर ब्लिंकिटने जाहिरातीतला 'दहा मिनिटं' हा दावा काढला. चांगलं झालं. पण जाहिरातीतून आकडा गेला, तरी माझ्या डोक्यातून गेला का? बारावं मिनिट झालं की मी अजून नकाशा उघडून बघतोच.

आणि वाचलेल्या वेळाचं मी काय केलं? खाली उतरून कोथिंबीर आणायला वीस मिनिटं लागली असती. ती वीस मिनिटं जपात गेली असती, तर निदान काही बोलता आलं असतं. ती रील्समध्ये गेली.

माउलींनी ज्ञानेश्वरीत इथल्या यज्ञाचा अर्थ स्वधर्माचं आचरण असा सांगितला आहे. म्हणजे यज्ञाला प्रत्येक वेळी कुंड आणि समिधा लागतात असं नाही. आपल्या वाट्याचं काम नीट करायचं आणि ज्याच्याकडून घेतलं त्याला त्याचा वाटा पोचवायचा. मग गिऱ्हाईक म्हणूनही माझा काही धर्म असणारच. चार्ज भरला की हिशोब मिटला, असं मी समजत होतो. पण पैसे कंपनीला पोचतात. दारातल्या माणसाची दखल मलाच घ्यावी लागते.

म्हणून घरात ठरवलंय: रविवारी आठवड्याची यादी करायची. तेल, तांदूळ, पीठ असं जड सामान एकदाच मागवायचं, आणि घाई नसेल तर उशिराची वेळ निवडायची. भाजी मेट्रोतून उतरल्यावर मरोळ नाक्यावरून आणायची. पावसात फुटकळ ऑर्डर नाही. कुणी आजारी असेल, तर बिनदिक्कत मागवायचं. आणि जो येईल त्याच्याकडे बघून बोलायचं, पाणी विचारायचं, उशीर झाला म्हणून स्टार कापायचे नाहीत.

खरं सांगतो, परवाच हा नियम मोडला. लिंबं मागवली. पण कानातले हेडफोन काढून दार उघडलं. "पाणी देऊ का?" म्हटलं. तो म्हणाला, "नको दादा, थँक्यू," आणि हसून गेला. त्याचा चेहरा अजून आठवतोय.

आजचा प्रश्न तुमच्यासाठी: आज जे जेवलात, ते ज्यांच्या हातून आलं त्यांतल्या किती जणांना तुम्ही पाहिलंत?

राम कृष्ण हरी.