लघुतम मापापर्यंतचे सत्य

शाळेच्या प्रयोगशाळेतल्या व्हर्निअर कॅलिपरने गोळ्याचा व्यास सहसा ०.०१ सेंटिमीटरपर्यंतच, म्हणजे त्याच्या लघुतम मापापर्यंतच, मोजता येतो. मग त्यावरून काढलेली घनता खरी म्हणायची का? माझ्या मते खरी, आणि चुकीची मर्यादा सोबत लिहिल्यामुळे अधिक विश्वासार्ह. व्यासात एक टक्का चूक झाली तर घनफळात सुमारे तीन टक्के चूक येते, हे आधीच सांगता येते. चूक किती असू शकेल हे ठाऊक असणे हा ज्ञानाचाच भाग आहे.

कोणी म्हणेल, एकके माणसाने ठरवलेली, म्हणजे सत्यही ठरवलेलेच. पॅरिसजवळ जपलेला प्लॅटिनम-इरिडिअमचा ठोकळा २०१९ पर्यंत किलोग्रॅमची व्याख्या होता. आता ती प्लांकच्या स्थिरांकावर बेतली आहे. आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. व्याख्या बदलली तरी लोखंड पाण्यात बुडते आणि पाऱ्यावर तरंगते. घनतांचे गुणोत्तर कोणाच्या संमतीवर अवलंबून नाही. भारतीय तत्त्वज्ञानातले न्यायदर्शनही प्रत्यक्षाला, म्हणजे इंद्रियांनी मिळालेल्या अनुभवाला, प्रमाण मानते, पण ते अव्यभिचारी, म्हणजे न चुकणारे असावे अशी अट घालते. वाचन पुन्हापुन्हा घेणारा विद्यार्थी नकळत त्याच अटीकडे वळलेला असतो. म्हणून शिक्षकांना विनंती आहे : पुस्तकातल्या उत्तराशी जुळवून घेतलेल्या आकड्यांपेक्षा, न जुळणारे वाचन तसेच ठेवणाऱ्या वहीला जास्त गुण द्या.