पाठीवरचं नाव

लग्नात फोटोग्राफरचा चेहरा फारसा कुणी बघत नाही, दिसते ती त्याची पाठ. मंगलाष्टकं सुरू झाली की तो आणि व्हिडिओवाला अंतरपाटाच्या पुढ्यात जाऊन उभे राहतात आणि मागच्या खुर्च्यांवरच्या पाहुण्यांना नवरा-नवरीऐवजी दोन टी-शर्ट दिसतात. म्हणून तर आंबिवली-टिटवाळा पट्ट्यातली चार पोरांची टीम युनिफॉर्म शिवायला निघाली की पहिला हट्ट असतो तो पाठीवर स्टुडिओचं नाव मोठ्ठं आणि खाली मोबाइल नंबर टाकण्याचा. आधीच वैतागलेल्या पाहुण्याला आपण आपला नंबरही देतोय, हे कुणाच्या लक्षात येत नाही. माझं मत विचाराल तर पाठ कोरी ठेवावी. नाव छातीवर, खिशापाशी, बोटभर. काम आवडलं तर लोक नंबर स्वतःहून मागतात.

रंगाचा पेच याहून मोठा. धंदा म्हणतो काळा घ्या. कॅमेरा जवळ गेला की अंगातल्या कपड्याचा रंग समोरच्याच्या गालावर पडतो. लाल टी-शर्टवाला नवरीच्या अगदी जवळ उभा राहिला तर हळद उतरलेल्या चेहऱ्यावर उगाच लाली येते, पांढरा टी-शर्ट नवरदेवाच्या चष्म्यात चमकतो. काळा रंग उजेड पिऊन टाकतो, म्हणून नाटकात पडद्यामागची माणसंही काळे कपडे घालतात. पण आपल्याकडे संक्रांत सोडली तर शुभकार्यात काळं चालत नाही. बोहल्याभोवती चौघे काळे कपडेवाले दिसले की घरातलं एखादं मोठं माणूस हमखास टोकतं. (मंगळसूत्राचे मणीही काळेच असतात, पण हा मुद्दा त्या वेळी काढू नये.) मग करडा? कॅमेऱ्याचा उजेड ठरवायला फोटोग्राफर वापरतात ते 18 टक्के करडं कार्ड, म्हणजे रंग धंद्यातलाच. पण मे महिन्यातल्या मुहूर्ताला करड्यावर घामाचा डाग सगळ्यांत आधी दिसतो. फिरूनफिरून गाडी गडद निळ्यावर येते, आणि ते योग्यच आहे.

कापडाचंही तसंच. ड्रायफिट पटकन वाळतं, पण दिवसभरात वास धरतं. 180 जीएसएमचं सुती अंगाला बरं. नाव छापायचं तर दहा-बारा नगांसाठी स्क्रीन बनवणं परवडत नाही, सब्लिमेशन फक्त फिकट पॉलिएस्टरवर उठतं आणि चिकटवलेली छपाई धुण्यात सोलते. एवढंसं नाव असेल तर भरतकामच करून घ्यावं, टी-शर्ट विरेल पण नाव राहील.

या पट्ट्याला कामाचे कपडे नवे नाहीत. मोहन्याची एनआरसी, म्हणजे नॅशनल रेयॉन कंपनी, 2009 साली बंद पडली, तोवर पाळीला जाणाऱ्या माणसांनी इथला रस्ता भरायचा. मोठ्या कारखान्यांत कपड्यांचा विषय वेतन करारात असायचा. वर्षाला किती जोड, शिलाई कोणाची, धुलाई भत्ता किती, यावर युनियन भांडायची. लग्नाच्या टीममध्ये युनियन नाही. तिथे लाइट धरणारा पोरगा रोजावर येतो, हॉलच्या पार्किंगमध्ये दुसऱ्याच्या मापाचा टी-शर्ट चढवतो आणि रात्री तोच घामेजला टी-शर्ट काढून परत देतो.

खरं तर युनिफॉर्मची सगळ्यांत जास्त गरज त्यालाच असते. कॅमेरा गळ्यात असला की ओळख लागत नाही, वरमाई स्वतः जेवायचा आग्रह करते. हातात नुसता स्टँड घेतलेल्याला मात्र स्टेजच्या पायरीवर अडवतात आणि पंगतीत ‘तुम्ही कोणाकडचे?’ असं विचारतात. एवढा प्रश्न कानावर पडला की पोरगं ताट तसंच ठेवून बाहेर वडापावच्या गाडीवर जातं. छातीवर स्टुडिओचं नाव असलं तर हा प्रश्न येत नाही.

तेव्हा ऑर्डर देताना आधी लाइटवाल्याचं माप घ्यावं, ते वय अजून वाढतं असतं. त्याला दोन जोड द्यावेत आणि ते त्याच्याच घरी राहू द्यावेत. सीझनमध्ये लागोपाठ मुहूर्त आले की एक दोरीवर वाळत असतो. आणि रोजासोबत धुण्याचे पन्नास-शंभर रुपये वेगळे मोजावेत, हॉलवाल्याला डेकोरेशनचे मोजतो तसेच, कुरकुर न करता.