गंडा : एक धागा, दोन अर्थ

एका उच्चाराचे दोन अर्थ असतील तर तो शब्द एक मानावा की दोन, हा आपल्या व्याकरणकारांचा जुना प्रश्न. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त दोन्ही पक्षांची चर्चा केली आहे आणि अर्थ ठरविण्याच्या साधनांत साहचर्य व प्रकरण यांची गणना केली आहे. ‘ओबी’ हा शब्द पाहा. जपानी भाषेत ओबी म्हणजे किमोनोवर कमरेला बांधावयाचा पट्टा; कॅरिबियन बेटांवरील आफ्रिकी गुलामांच्या मंत्रोपचारांनाही जुन्या इंग्रजी ग्रंथांत हेच नाव आहे. दोहोंचे नाते केवळ ध्वनीचे. प्रकरण कळले की संशय फिटतो.

आपल्या ‘गंडा’ या शब्दाचे तसे नाही. मांत्रिकाने बांधलेला दोरा हा गंडा, उस्तादाने शिष्याच्या मनगटावर बांधलेला दोराही गंडा. आणि कोणी फसवून पैसे उपटले, तर त्याने ‘गंडा घातला’ असे आपण म्हणतो. व्युत्पत्ती काहीही असो, येथे प्रकरण कळूनही संशय उरतो. कारण एकाच दोऱ्यात दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असू शकतात.

आमचे सुरत हे धाग्याचेच शहर. येथील जरी प्रसिद्ध आहे आणि येथल्या यंत्रमागांवर खानदेशातून आलेल्या कितीतरी मराठी माणसांनी आयुष्य वेचले आहे. परमुलखात तापाने फणफणलेल्या लेकराच्या दंडावर आई दोरा बांधते, तेव्हा तिला भोळी म्हणून हसणे सोपे आहे. पण तो दोरा तिच्या काळजीला मिळालेले रूप असतो. तोच दोरा बांधून देणारा जेव्हा ‘आता दवाखान्याची गरज नाही’ असे बजावतो, तेव्हा मात्र गंडा घातला जातो.

मग निवाडा कोणी करावा? जमैकात 1760 साली गुलामांचे बंड झाले. बंडवाल्यांना ओबीच्या जाणत्यांनी धीर दिला, म्हणून मळेवाल्यांच्या राज्याने त्याच वर्षी कायदा करून ती विद्या देहान्ताच्या शिक्षेस पात्र ठरविली. गुलामांची फसवणूक होते याची ती चिंता नव्हती. भय होते ते त्यांच्या धैर्याचे. सत्ताधाऱ्याने नाव ठेवले की आधारही अपराध ठरतो.

महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यातील एक कलम या दृष्टीने मननीय आहे. साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या माणसास वैद्यकीय उपचारांपासून रोखून त्याऐवजी गंडेदोरे करणे, हा तेथे गुन्हा आहे. दोष दोऱ्याचा नव्हे, रोखण्याचा. गुजरातनेही 2024 मध्ये अशा प्रथांविरुद्ध कायदा केला.

आम्हांस वाटते, नीतीची कसोटीही हीच असावी. दोरा बांधल्यावर माणसाच्या पुढच्या वाटा मोकळ्या राहिल्या की बंद झाल्या, एवढेच विचारावे. ‘गंडा’ शब्दाचा कोणता अर्थ घ्यावयाचा, ते त्या उत्तरावरून कळेल.