उपयुक्त ज्ञानाचें ऋण

शास्त्राचे शुद्ध आणि उपयोजित असे दोन भेद करून त्यांपैकीं श्रेष्ठ कोणता, हा वाद आपल्या सुशिक्षित वर्गांत वेळोवेळीं रंगतो. एक पक्ष म्हणतो, ज्ञान हें ज्ञानासाठींच. दुसरा म्हणतो, ज्या ज्ञानानें चूल पेटत नाहीं आणि शेत भिजत नाहीं, तें घेऊन काय करावयाचें? या वादांत शिरण्याचा आमचा विचार नाहीं. दोन्ही पक्षांच्या हातून सुटणारा एक प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि तो नीतीचा आहे. शुद्ध शास्त्रज्ञाचें अनुमान चुकलें, तर एक कागद फाडावा लागतो. अभियंत्याचें अनुमान चुकलें, तर त्याचें प्रायश्चित्त बहुधा दुसऱ्यासच भोगावें लागतें. मग अपुऱ्या ज्ञानाच्या बळावर दुसऱ्याच्या डोक्यावर कांहीं उभारण्याचा अधिकार मनुष्यास कोठून येतो?

ज्ञान पुरें होईपर्यंत थांबावें, हें उत्तर सोपें आहे, पण तें व्यवहारांत टिकत नाहीं. मनुष्यानें कमानी व पूल उभारले, तेव्हां पदार्थांच्या बळाचें गणित जन्मासही आलें नव्हतें. वाफेचें एंजिन आधीं चाललें, आणि उष्णतेचे नियम शंभराहून अधिक वर्षांनीं हातीं आले. लहान प्रतिकृति करून प्रयोगशाळेंत पुष्कळ गोष्टी पाहतां येतात हें खरें. परंतु नदीचें सारें खोरें, त्याखालचा मैलोगणती खडक आणि शंभर वर्षांतून एकदां येणारा पूर कोणत्याही खोलींत मांडून ठेवतां येत नाहीं. पूर्ण आकाराचा पहिला प्रयोग म्हणजे प्रत्यक्ष बांधकामच. स्पष्ट बोलावयाचें, तर अभियंत्याची अखेरची प्रयोगशाळा म्हणजे दुसऱ्याचें गांव होय.

याचें एक उदाहरण आपल्याच प्रांतांत घडलें आहे. सातारा जिल्ह्यांत कोयना नदी अडवून १०३ मीटर उंचीचें काँक्रीटचें धरण बांधण्यांत आलें. १९६२ च्या सुमारास त्यांत पाणी सांठूं लागलें. सुमारें १०० अब्ज घनफूट पाण्याचा हा सांठा. जें पाणी पूर्वेकडे वाहून कृष्णेस मिळावयाचें, तें सह्याद्रीच्या पोटांतील बोगद्यांनीं पश्चिमेस वळवावें आणि पोफळीच्या भूमिगत वीजगृहांत त्याच्या पडण्याच्या जोरावर वीज करावी, अशी ही धाडसी कल्पना. स्थापत्य, यंत्र, विद्युत्, जलगति व भूगर्भ इतक्या शाखांचें ज्ञान या एका कामीं लागलें, आणि त्या विजेवर मुंबईचे कारखाने चालूं लागले.

दख्खनचें पठार हा पृथ्वीच्या पाठीवरील एक स्थिर खंड असून तेथें मोठा भूकंप व्हावयाचा नाहीं, अशी त्या काळीं सामान्य समजूत होती. तरीही सावधगिरी म्हणून भूकंपाचें बल हिशेबांत धरलें होतें. धरणाच्या वजनाच्या विसाव्या हिश्श्याइतका आडवा जोर लागेल, असें मानलें होतें. पाणी सांठूं लागल्यावर मात्र आसपास लहान लहान धक्के जाणवूं लागले, आणि ते टिपण्यासाठीं यंत्रें बसविण्यांत आलीं. पुढें ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटें ४ वाजून २१ मिनिटांनीं ६.३ च्या सुमाराचा भूकंप झाला. सुमारें १८० माणसें मृत्यु पावलीं, दीड हजारांवर जखमी झालीं. हीं माणसें धरण फुटून मेलीं नाहींत, हें लक्षांत ठेवलें पाहिजे. दगडमातीचीं घरें अंगावर कोसळून तीं मेलीं. धरण उभें राहिलें. परंतु त्याच्या उंच खंडांत, जेथें पाठीचा उतार एकदम बदलतो, तेथें आडव्या भेगा गेल्या.

आतां या आपत्तींतून ज्ञान कसें निघालें तें पाहूं. धरणाच्याच एका खंडांत जमिनीचें त्वरण टिपणारें यंत्र आधींपासून बसविलेलें होतें. त्यानें एका दिशेस गुरुत्वत्वरणाच्या निम्म्याहूनही अधिक त्वरण नोंदलें. हिशेबांतला विसावा हिस्सा आणि ही नोंद, हे दोन आकडे एकाच जातीचे नव्हेत. पण त्यांच्यांतील अंतरानेंच जुन्या हिशेबाचें वैगुण्य उघडें केलें. जुन्या पद्धतींत धरण हा एक ताठ, अचल ठोकळा मानला जाई. वस्तुतः तें भूकंपांत डोलतें, आणि वरच्या भागास खालच्यापेक्षां जास्त हिसका बसतो. १९७३ सालीं अमेरिकेंत बर्कले येथें अनिल चोप्रा व त्यांचे सहकारी यांनीं याच नोंदीवरून गणित करून भेगा नेमक्या त्याच जागीं कां पडल्या हें दाखविलें. इकडे भेगांत एपॉक्सी भरण्यांत आलें आणि धरणाच्या पाठीस काँक्रीटचे टेकू देण्यांत आले. १९७० च्या भूकंपनकाशांत कोयनेचा प्रदेश बऱ्याच वरच्या धोक्याच्या पट्ट्यांत गेला. भूकंपशास्त्रज्ञांस तर कोयना हा एक मोठाच धडा ठरला. खडकांत ताण पूर्वींचाच असतो. सांठ्याचें पाणी भेगांतून खोल उतरतें, त्याच्या दाबानें खडकाच्या दोन अंगांमधील घर्षण कमी होतें, आणि जो धक्का कदाचित् कित्येक शतकांनीं बसावयाचा तो आजच बसतो. आज कोठेंही मोठें काँक्रीटचें धरण योजावयाचें झालें, तर तज्ज्ञ कोयनेचे आकडे उलगडून पाहतात.

या घटनेवर दोन प्रकारचे निकाल दिले जातात. अभियंत्यांनीं निसर्गाशीं उद्धटपणा केला, असा एक. आणि त्या काळच्या ज्ञानाप्रमाणें त्यांनीं योग्य तेंच केलें, म्हणून त्यांच्याकडे कांहीं देणें नाहीं, असा दुसरा. आमच्या मतें दोन्ही निकाल अर्धवट आहेत. उद्धट मनुष्य आपल्याच बांधकामाच्या पोटांत आपली चूक टिपणारें यंत्र बसवून ठेवीत नाहीं. उलटपक्षीं, अज्ञानाची सबब ज्यानें कान उघडे ठेवले त्यासच शोभते. अमेरिकेंतील हूव्हर धरणाच्या जलाशयाभोंवतीं धक्के बसल्याचें नोंदलें गेलें होतें, आणि पाण्याच्या भाराशीं त्यांचा संबंध जोडणारा निबंध १९४५ सालींच प्रसिद्ध झाला होता. तो सिद्धांत तेव्हां सर्वमान्य नव्हता, हें खरें; पण एका शाखेंतील शंका दुसऱ्या शाखेच्या हिशेबांत उतरण्यास किती वर्षें लागतात, हें यावरून दिसतें. अनेक शाखांचें संशोधन एकत्र चालावें असें आपण म्हणतों, तें केवळ सोयीसाठीं म्हणतों. आमच्या मतें तें कर्तव्यच आहे.

दोष नसला म्हणून देणें संपत नाहीं. आपल्या परंपरेनें देवऋण, ऋषिऋण व पितृऋण अशीं तीन ऋणें मनुष्याच्या माथीं मानलीं आहेत. आणि ऋण हें कांहीं अपराधामुळें जडत नाहीं, तर लाभामुळें जडतें. ज्यांनीं आपणांस ज्ञान दिलें त्यांचें तें ऋषिऋण. या न्यायानें पाहिलें, तर कोयनाकांठच्या त्या खेडुतांनींही जगास ज्ञान दिलें आहे. भेद इतकाच, कीं ऋषींनीं तें स्वेच्छेनें दिलें, आणि यांस कोणी विचारलेंही नव्हतें. म्हणून हें ऋण ऋषिऋणाहूनही भारी आहे.

तें फेडावें कसें? पहिली गोष्ट, आपण काय गृहीत धरलें आहे आणि काय आपणांस ठाऊक नाहीं, तें त्या बांधकामाच्या सावलींत राहणाऱ्या माणसांस त्यांच्या भाषेंत सांगावें. दुसरी, उद्घाटनाबरोबर काम संपलें असें न मानतां पहारा चालू ठेवावा, आणि भेग पडली तर ती लपवूं नये. तिसरी व सर्वांत विसरली जाणारी गोष्ट अशी, कीं मिळालेलें ज्ञान ज्यांनीं त्याची किंमत मोजली त्यांच्या दारीं प्रथम पोंचवावें. धरणास टेकू मिळाला, तसा खेड्यांतील भिंतीसही मिळाला पाहिजे होता. कारण माणसें भिंतींखालीं मेलीं होतीं. ज्यांचीं शेतें बुडालीं, त्या धरणग्रस्तांस तर पुनर्वसनासाठीं पुढें कित्येक दशकें आंदोलनें करावीं लागलीं. वीज मुंबईस तत्काळ पोंचली, ज्ञान बर्कलेस सहा वर्षांत पोंचलें. न्याय मात्र शेजारच्या गांवीं इतक्या उशीरानें कां पोंचावा?

इतकें ओझें माथ्यावर ठेवलें, तर कोणीच कांहीं बांधणार नाहीं, असा आक्षेप येईल. तो आम्हांस मान्य नाहीं. न बांधणाराही निर्दोष नसतो. अंधार आणि दुष्काळ यांचें पाप त्याच्या पदरीं पडतें. ऋण म्हणजे कांहीं बंदी नव्हे. कर्ज काढून घर बांधणारा गृहस्थ निंद्य नव्हे. कर्ज विसरणारा निंद्य होय.

कोयनेच्या परिसरांत अजूनही लहान धक्के बसतात. कऱ्हाडास या भूकंपांच्या अभ्यासासाठीं संस्था उभी राहिली असून, त्या भागांत ३ किलोमीटर खोलीचें एक छिद्र २०१७ सालीं खडकांत पाडण्यांत आलें. दख्खनच्या काळ्या दगडाचा थर तेथें सुमारें १ किलोमीटर जाड असून त्याखालीं ग्रॅनाइट आहे. पहारा अद्याप चालू आहे, ही समाधानाची गोष्ट. आज घरोघरीं मुलामुलींस अभियांत्रिकीच्या कोणत्या शाखेस घालावें याचा खल चालतो. कोणत्या शाखेंत वेतन अधिक, हें वडील माणसें पुसतात, आणि त्यांत गैर कांहीं नाहीं. त्याबरोबर आणखी एक प्रश्न पुसला जावा, इतकीच आमची विनंति आहे: तूं जें उभारशील, त्याच्या सावलींत कोण राहणार आहे, आणि तुझें नांव त्यांस ठाऊक असेल काय?