ऐकण्याचा अधिकार

आमच्या लोधीखेड्यात पोट दिसायला लागलं की बायांचे अंदाज सुरू होतात. चेहरा सुकला तर मुलगी, पोट टोकदार तर मुलगा. या अंदाजांना मी कधी घाबरले नाही. ते निम्म्या वेळा चुकतातच. मला धाक वाटतो तो सहसा न चुकणाऱ्या उत्तराचा.

सूनबाईचं वय पस्तिशीपुढचं, म्हणून नागपूरच्या डॉक्टरबाईंनी रक्ताची एक चाचणी सुचवली. हातातून नळीभर रक्त काढायचं, बस्स. आपल्या पेशी सतत मरत असतात आणि त्यांच्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात वाहत राहतात. मांडेल आणि मेते या फ्रेंच संशोधकांनी १९४८ मध्ये हे दाखवलं, पण कितीतरी वर्षं कुणी त्याकडे फारसं पाहिलं नाही. आज त्याच तुकड्यांवरून कर्करोगाचा माग काढतात, बसवलेलं मूत्रपिंड शरीर नाकारतंय का ते ओळखतात. गरोदर बाईच्या रक्तात वारेतून सुटलेले तुकडेही असतात, दहाव्या आठवड्यानंतर साधारण दहा टक्के. ते १९९७ मध्ये संशोधक डेनिस लो यांना सापडले, आणि कसे? मुलगा पोटात असलेल्या आयांच्या रक्तात वाय गुणसूत्र हुडकून. आईजवळ ते नसतंच; सापडलं तर बाळाचंच.

ज्या खुणेने हा शोध लागला, नेमकी तीच आपल्या देशात अहवालात लिहायची नाही. शेजारची काकू म्हणाली, "मशीनला दिसतेच ना? मंग सांगत काहून नाही?"

प्रश्न रास्त आहे. पण मरणानंतर काय, असं विचारणाऱ्या नचिकेताला कठोपनिषदातला यमही एकदम उत्तर देत नाही. हत्ती, सोनं, शंभर वर्षं जगणारी मुलं-नातवंडं पुढे करून बघतो, पोरगा मोहात पडतो का. ऐकणाऱ्याचा अधिकार पाहिल्याशिवाय ज्ञान द्यायचं नाही, ही जुनी रीत. या 'अधिकारा'वर माझा राग आहे, खोटं कशाला बोलू. तो पुढे करूनच बायकांना आणि शूद्रांना वेदांपासून लांब ठेवलं. तिथे जन्म पाहिला गेला. यमाने पाहिलं ते वर्तन.

आणि आमचं वर्तन? गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, १९९४ मध्ये तसा कायदा देशासाठी झाला. तरी महाराष्ट्रात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. नचिकेत कोवळा पोर असून कसोटीला उतरला. आम्ही शिकलेसवरलेले नापास झालो. म्हणून हे न सांगणं मला लपवाछपवी वाटत नाही. जन्मभर शाळेत शिकवत आलेल्या माझ्यासारख्या बाईला तो निकालपत्रकावरचा रास्त शेरा वाटतो.

पण तोच अहवाल डाऊन सिंड्रोम या गुणसूत्रांतल्या दोषाची शक्यता सांगतो. ते ऐकायचा अधिकार आम्ही कधी सिद्ध केला? तिथे दारात यम उभाच नाही. मी माझ्यापुरतं असं पाहते, की कळल्यावर त्या जीवासाठी काही करायचं आहे, की त्याचा फक्त निवाडा करायचा आहे. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर याच तुकड्यांवरून बाळाचा गट कळू शकतो, इंजेक्शन लागेल की नाही ते ठरतं. असं ज्ञान हजारदा घ्यावं. डाऊनचं उत्तर दोन्हीकडे झुकतं. कुणी बाळाच्या हृदयाची तपासणी आधीच करून घेतं, कुणी गर्भ ठेवत नाही. ठेवला नाही त्या बाईला मी पापी म्हणणार नाही. तिचा संसार मला ओढायचा नाही.

अहवालाची वाट पाहत होतो तेव्हा काकूने जामसावळीच्या हनुमंताचं तीर्थ आणून दिलं. सूनबाईने घेतलं. तीर्थ कुणाचं गुपित फोडत नाही, म्हणून मीही अडवलं नाही. अहवालात काय आलं ते इथे लिहीत नाही. ते तिचं आहे.

तुमच्या घरी ही चाचणी सुचवली असेल तर नळी भरण्याआधी बसून बोला : उत्तर नको ते आलं तर काय करणार? चाचणी शक्यता सांगते, खात्रीसाठी गर्भजलाची तपासणी लागते, हेही डॉक्टरांकडून समजून घ्या. आणि मुलगा की मुलगी, हे कुणालाही विचारू नका. सांगणाऱ्याला तर शिक्षा आहेच, पण लिंग जाणून घेण्यासाठी चाचणी करवून घ्यायला लावणाऱ्या नवऱ्याला आणि सासूलाही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.